पाच पिढ्यांची नॉन-लोकल

आप्पांनी फाइल कपाटात ठेवली, कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला अडकवली. किल्ली जानव्यावर गेली की त्या घरात विषय संपला, हे मनीषाला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. घराची कागदपत्रं, सासूबाईंच्या पाटल्या आणि आप्पांनी मनावर घेतलेली भांडणं, ही सगळी त्या एका किल्लीमागे राहायची. सासूबाई गेल्या, पाटल्या नातीच्या नावाने निघाल्या. भांडणं मात्र होती तिथेच होती. कालपासून त्यांत एकाची भर पडली होती, आणि या भांडणात मृण्मयीचं कॉलेज अडकलं होतं.

इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत मृण्मयीला असा रँक मिळाला होता की हैदराबादच्या अंबरपेठेतल्या निम्म्या ओळखीच्यांनी घरी येऊन पेढे खाण्याइतकी सवड काढली. राहिली होती ती कागदपत्रांची पडताळणी. मकरंदला विजेच्या ऑफिसातून सुट्टी मिळेना, मनीषाच्या शाळेत तपासणी होती. "मी नेतो पोरीला. हयात कागदांत गेलीय माझी," असं म्हणत आप्पा स्वतः निघाले. जिल्हा न्यायालयात केस पिकवलेले वकील, इस्त्रीचा शर्ट, छातीशी फाइल. केंद्रावर टेबलामागच्या बाईंनी दाखले चाळले, अकरावी-बारावी पुण्याची पाहिली आणि स्क्रीनवरचं 'लोकल' काढून 'नॉन-लोकल' केलं. आप्पांनी ते पाहिलं. मग चष्मा पुसून परत पाहिलं.

पुढे काय झालं ते मृण्मयीने घरी येऊन सांगितलं तेव्हा तिचे कान अजून लाल होते.

"आप्पा उभे राहिले न् उर्दूत सुरू झाले, आई. फुल कोर्ट! 'पाँच पुश्तों से यहाँ हैं हम, हमारे दादा मुलकी थे, हमकू बाहर का बोलते तुम?' सगळा हॉल वळून बघतोय. मॅडम बिचारी 'कूर्चोंडि तातगारू, कूर्चोंडि' करतेय, बसा आजोबा, बसा म्हणून. आप्पांनी फाइल उचलली, माझा हात धरला, डायरेक्ट बाहेर. सही नाही, काही नाही. व्हेरिफिकेशन इनकम्प्लीट."

निजामाच्या राज्यात जो इथला तो मुलकी, आणि सरकारी नोकरी मुलक्यालाच. आप्पांच्या आजोबांचा मुलकी असल्याचा दाखला दिवाणखान्यात देवांच्या तसबिरींच्या रांगेत फ्रेम करून लावला होता, आणि दसऱ्याला गणपतीच्या बरोबरीने त्यालाही हार पडायचा. आप्पांचे वडील इथल्याच विद्यापीठात उर्दूतून कायदा शिकले, आप्पा तिथेच इंग्रजीतून. अशा घरच्या मुलीला नॉन-लोकल म्हणणं म्हणजे घरमालकाला भाडेकरू म्हणण्यातला प्रकार होता. आप्पांना राग आला यात मनीषाला नवल वाटलं नाही. पण पडताळणी झाल्याशिवाय कॉलेजं निवडता येत नाहीत, आणि पडताळणी आज संध्याकाळी बंद होणार होती. फाइल कपाटात, किल्ली जानव्यावर, आणि आप्पा पलंगावर मांडी घालून लांब कागदांवर हायकोर्टाचा अर्ज लिहीत बसलेले.

मनीषाला सगळ्यात जास्त जाचत होतं ते वेगळंच. हे सगळं होणार, हे तिने आधीच सांगितलं होतं.

दोन वर्षांपूर्वी मृण्मयीची दहावी झाली तेव्हा तिची नणंद अलका पुण्याहून आली होती. जेवणं झाली आणि अलकाने हात वाळवत विषय काढला. इथली कॉलेजं म्हणजे खुराडी, पोरांना पहाटे कोंडतात ते अंधार पडल्यावर सोडतात. शिवाय पोरीचं मराठी! "परवा मला फोनवर म्हणाली, 'आत्या, तू कैकू परेशान होतेस?' आप्पा, ही अशीच राहिली तर उद्या हिला कुणी आपली म्हणेल का? माझ्याकडे पाठवा. दोन वर्षं आपल्या माणसांत राहील." आप्पांचे डोळे भरून आले. मकरंदने मान हलवली. मनीषा कोठी भागातल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवते. दरवर्षी दहावीच्या मुलींना पुढचे अर्ज तीच भरून देते. ती म्हणाली, "दोन वर्षं बाहेर शिकली तर ती इथली लोकल राहणार नाही. आणि दहावी तिकडची नाही, आपण तिकडचे रहिवासी नाही, म्हणून तिकडचीही होणार नाही."

आप्पांनी न्यायाधीशासारखा हात वर केला आणि वडिलांच्या काळातल्या कोर्टातला हुकूम सुनावला, "दरखास्त नामंजूर!"

सगळे खळखळून हसले. मनीषाही हसली. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने धुतलेलं पातेलं परत घासलं.

आणि गंमत अशी की मृण्मयी पुण्याला आत्याच्या घरी पोचली, आणि वर्षाच्या आत आत्याच्या नवऱ्याला, किशोररावांना, त्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीने हैदराबादला धाडलं. आत्या कोंडापूरच्या टॉवरात राहायला आली, भाची पुण्यात आत्याच्या सासूबाईंजवळ राहिली. यावर घरात कुणी विनोद केला नाही, कारण तो करायला मनीषाखेरीज कुणाला हक्क नव्हता आणि मनीषा मूग गिळून होती.

आज सकाळीच दोघं कोंडापूरहून येऊन थडकली. मनीषाने खिचडी आणि वर ओतायला चिंचेचा खट्टा केला होता. आप्पा अर्ज अर्धवट टाकून टेबलाशी आले, मृण्मयी जिन्याच्या पायरीवर ताटली मांडीत घेऊन बसली.

"आप्पा, मी सोल्यूशन आणलंय," किशोरराव म्हणाले. या माणसाने कधी नुसता चहा आणला नव्हता, सोल्यूशनच आणायचा. पण मनाने सरळ. "रिंग रोडच्या पलीकडे एक कॉलेज आहे. मॅनेजमेंटच्या कोट्यात कॉम्प्युटरची एक जागा. ट्रस्टी माझ्या मित्राचे सख्खे मेहुणे. लोकल-नॉन-लोकल कुणी विचारत नाही. फक्त आज संध्याकाळपर्यंत हो म्हणायचं."

"विकत घ्यायची जागा?" आप्पा म्हणाले. "एवढा रँक मिळवून?"

"जागा हातात तरी राहील, आप्पा," मकरंद म्हणाला. तो रात्रभर झोपला नव्हता. "वर्ष फुकट जाण्यापेक्षा बरं."

"काही नाही! हायकोर्टात जा, आप्पा," अलका उसळली. "आपल्या घराला बाहेरचं म्हणतात म्हणजे काय? चांगलं खेचा त्यांना."

"अलका, कोर्टाची तारीख लागेपर्यंत तिच्या वर्गमैत्रिणी थर्ड इयरला जातील," किशोरराव म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो. तुम्हाला काय कळायचं मुलकी काय असतं ते. तुम्ही पुण्याचे."

"आता पुण्याचं असणं हा पण गुन्हा? काल-परवापर्यंत तर तेच औषध होतं," किशोरराव म्हणाले, आणि हे बोलायला नको होतं हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. अलकाच्या हातातला घास ताटलीत परत गेला. दोन वर्षांपूर्वी जे एका बाजूला होते ते आज दोन बाजूंना बसले होते, आणि मनीषाच्या बाजूला अजूनही कुणी नव्हतं.

तिने खट्ट्याचं भांडं खाली ठेवलं.

"तिसरा रस्ता आहे," ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. शाळेत फळ्यासमोर तिचा आवाज कधी कापत नाही. घरच्या टेबलाशी मात्र तो जरा कापला. तिने तो सावरला.

"लोकल मुलांसाठी बहुतेक जागा राखीव. पण सगळ्या नाहीत. थोड्या खुल्या असतात. ज्या मुलांचे आईवडील या राज्यात दहा वर्षं राहिलेत त्यांना त्यात भाग घेता येतो, मग मूल कुठेही शिकलेलं असो. मृणूचा रँक चांगला आहे. तिला विद्यापीठाच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स पाहिजे. ते तिला या जागांतून मिळू शकतं. आईवडिलांच्या रहिवासाचा दाखला लागतो, तो मी उन्हाळ्याच्या सुट्टीत काढून ठेवलाय."

"तू? कुठून?" मकरंदने विचारलं.

"मंडल ऑफिसातून. चकरा मारून."

"आणि मला बोलली नाहीस?"

"अर्जावर तुझी सही आहे. मॅच बघता बघता केलीस, वाचली नसशील."

जिन्यावरून मृण्मयी फिस्सकन हसली. मकरंदने मान खाली घालून खिचडीत लक्ष घातलं.

"वहिनी, तरी रिस्क आहे," किशोररावांनी तोवर मोबाइलवर गेल्या वर्षीचे आकडे उघडलेच होते. "या कॉलेजात खुल्या जागा मूठभर. गेल्या वर्षी जिथे यादी संपली, त्याच्या अगदी काठावर मृणू आहे. नाही मिळाली तर? आणि तोवर माझ्याकडची जागा गेलेली असेल."

"ते खरं आहे," मनीषा म्हणाली. "नाही मिळाली तर नाही मिळाली. तेव्हा सगळ्यांनी मला बोला."

आता आप्पांनी पाण्याचा पेला बाजूला सारला.

"सूनबाई, या खुल्या जागेत जायचं म्हणजे आधी नॉन-लोकल म्हणून सही करावी लागणार ना? माझ्या नातीने लिहून द्यायचं, की मी इथली नाही? त्या फ्रेमसमोर?" त्यांनी दाखल्याकडे बोट केलं. "होणार नाही. किल्ली जानव्यावर आहे, तिथेच राहील."

त्यानंतर जे बोलणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं ते मूल बोललं. मृण्मयी ताटली घेऊन पायरीवरून उठली आणि टेबलाशी येऊन उभी राहिली.

"आप्पा, मी सांगू? पुण्यात पहिल्या दिवशी मी कँटीनमध्ये 'हो'च्या जागी 'हौ' म्हटलं तर सगळे हसले. मला तिथे दोन वर्षं सगळे हैदराबादीच म्हणायचे. आत्याच्या सासूबाई पण. मी 'नक्को' म्हणणं बंद केलं, 'हौ' बंद केलं. इथे परत आले तर चौकातला इस्त्रीवाला म्हणतो, 'क्या बात है, पूना वाली हो गई.' म्हणजे तिथे इथली, इथे तिथली. मी आता कंटाळले. मला कुठलाच स्टॅम्प नक्को, आप्पा. सीट पाहिजे. नॉन-लोकल लिहून सीट मिळते तर मी शंभर वेळा लिहिते. कॉलेज आपल्या गच्चीवरून दिसतं, मला तिथे चालत जायचंय."

अलकाने पदराने डोळे पुसले. "माझ्यामुळेच झालं हे," ती पुटपुटली. मग एकदम मोठ्याने म्हणाली, "आप्पा, मी वहिनीच्या बाजूने. ते हायकोर्ट राहू द्या."

"तू आत्ताच तर खेचा म्हणालीस!"

"म्हणाले. आता नाही म्हणत."

आप्पा एकटे पडले. एकटे पडलेले आप्पा जास्त चिवट होतात, हे मनीषाला माहीत होतं. म्हणून तिने वाद घातला नाही. ती त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.

"आप्पा, एक विचारू? मी लग्न होऊन आले तेव्हा पुढच्या खोलीत तुमची अशिलं बसायची. मी चहा घेऊन यायची. घराच्या, जमिनीच्या वादात एखादा फार तावातावाने बोलायला लागला, की माझ्या बापजाद्यांची जमीन, माझी इज्जत, तर तुम्ही त्याला काय म्हणायचात?"

आप्पांनी जानव्यावरची किल्ली मुठीत धरली.

"तुम्ही म्हणायचात, आधी ताबा घे. मालकीचा वाद नंतर घालू, मी आहे. पण आधी आत जाऊन बैस. दर वेळी तेच. मला पाठ झालं होतं." "मृणूला आत जाऊन बसू द्या, आप्पा. इथली कोण ते मग भांडा की. मी टायपिंग करून देईन तुमच्या अर्जाचं."

मग आप्पा उठले आणि खोलीत गेले. कपाटाच्या दाराची ती ओळखीची करकर ऐकू आली, आणि मनीषाच्या जिवात जीव आला. बाहेर आले तेव्हा आप्पांच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि छातीशी फाइल.

"बघता काय?" ते म्हणाले. "केंद्र बंद होईल. किशोरराव, गाडी काढा."

किशोररावांनी मोबाइल हातात घेतला आणि मकरंदकडे पाहिलं. मित्राला काय कळवायचं, हे आता त्याने सांगायचं होतं. आयुष्यात मकरंदने कुठलाही निर्णय एका दिवसात घेतला नव्हता; फ्रिजसुद्धा दोन दिवाळ्या बघून घेतला होता. त्याने मनीषाकडे पाहिलं, मग मृण्मयीकडे.

"नाही म्हणून सांगा, किशोरराव," तो म्हणाला. "आभार माना, आणि नाही सांगा."

मनीषाला नवऱ्याचा इतका अभिमान बऱ्याच वर्षांत वाटला नव्हता. तिने तो दाखवला नाही. नुसती त्याच्या उलट्या घातलेल्या बनियनची बाहेर आलेली बाही शर्टाखाली सारली.

बोनालूचे, म्हणजे देवीच्या जत्रेचे दिवस. महांकालीच्या देवळाकडे जाणारा रस्ता माणसांनी भरलेला, बायकांच्या डोक्यावर हळद-कुंकवाचे घट, पुढे ढोल, मिरवणुकीत नाचणारे पोतराजू. गाडी जागच्या जागी अडकली. किशोररावांनी नकाशा उघडला, तो सगळा लाल. आप्पांनी काच खाली केली आणि वाहतूक पोलिसाला हाक मारून तेलुगूत काही सांगितलं. ढोलांच्या आवाजात 'मनवरालु' एवढं मनीषाला ऐकू आलं, नातीबद्दल बोलत होते, आणि 'कॉलेज'. पोलिसाने ढोलवाल्यांना हात केला, दोरी खाली घेतली आणि गाडी एका गल्लीत सोडली. आप्पा त्या गल्लीबोळांतून किशोररावांना असे नेत होते की मोबाइलमधली बाई बोलायची थांबली. "इथून डावीकडे. पूर्वी इथे चिंचेचं झाड होतं. आता उजवीकडे." अलका मागे बसून मृण्मयीचा हात दाबत होती.

हॉलमध्ये पंखे होते, माणसं पांगली होती. टेबलामागच्या कालच्याच बाईंनी आप्पांना दारातून येताना पाहिलं आणि त्यांची मुद्रा सावध झाली. आप्पा टेबलाशी गेले. आप्पांनी फाइल दोन्ही हातांनी पुढे केली.

"तप्पु नादे, अम्मा," ते म्हणाले. चूक माझीच होती, असं आप्पा कुठल्याही भाषेत बोलल्याचं मनीषाला आठवत नव्हतं.

बाईंचा चेहरा सैल झाला. "पर्वालेदु तातगारू. कूर्चोंडि." काही हरकत नाही, बसा. या वेळी आप्पा बसले.

दाखले झाले. मनीषाने पर्समधून रहिवासाचा दाखला काढून पुढे केला. बाईंनी तो वाचला, शिक्का पाहिला. "इदि उंटे चालु," त्या म्हणाल्या, हे असलं म्हणजे झालं. मग स्क्रीन मृण्मयीकडे वळवली. "नॉन-लोकल. अनरिझर्व्ड सीट्सकु एलिजिबल. ओके-ना, अम्मा?"

मृण्मयीने आजोबांकडे पाहिलं. आप्पांनी खिशातलं पेन काढून, टोपण उघडून तिच्या हातात दिलं.

"ओके, मॅडम," ती म्हणाली, आणि सही केली.

जागांची यादी लागणार त्या संध्याकाळी सगळे परत अंबरपेठेत जमले. किशोररावांनी लॅपटॉप आणला होता, अलका मोबाइलवर होती, मकरंद येरझारा घालत होता. साइट उघडेना. आप्पा मुलकीच्या फ्रेमखाली डोळे मिटून बसले होते, पण पाय हलत होता. मनीषा स्वयंपाकघरात गेली. ओट्यावरचं धुतलेलं पातेलं तिने हातात घेतलं, आणि तेवढ्यात दिवाणखान्यातून किंकाळी आली.

ती धावत बाहेर आली. मृण्मयी लॅपटॉपसमोर उभी राहून दोन्ही हात हवेत उडवत होती. "इलेक्ट्रॉनिक्स! युनिव्हर्सिटी कॉलेज! आई, मिळालं! आई, फर्स्ट ऑप्शन!" अलकाने तिला कवटाळलं, किशोररावांनी दोघींना कवटाळलं, मकरंद मध्ये कुठे शिरावं ते न कळून टाळ्या वाजवत राहिला. मग मृण्मयी त्या सगळ्यांतून सुटली आणि आईच्या गळ्यात पडली, इतक्या जोरात की मनीषाच्या हातातलं पातेलं खणखणत पलंगाखाली गेलं. मनीषा रडत होती आणि हसत होती, आणि ते लपवायची तिला जराही गरज वाटली नाही. जिंकलो आम्ही, तिच्या मनात आलं. मी जिंकले.

"कॉम्प्युटर सोडून इलेक्ट्रॉनिक्स," किशोरराव डोळे पुसत म्हणाले. "माझी नोकरी खाणार ही एक दिवस."

आप्पा उठून उभे राहिले. त्यांनी कोर्टात करत तसा घसा साफ केला आणि सगळे थांबले.

"सूनबाई," ते म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी या टेबलाशी तू एक दरखास्त दाखल केली होतीस. ती ऐकून न घेता फेटाळली गेली. फैसला गलत होता." त्यांचा आवाज ओला झाला, पण हात वर गेला. "दरखास्त मंजूर. मय खर्चा."

"खर्चा म्हणजे?" किशोररावांनी विचारलं.

"हरलेल्याने जिंकलेल्याचा खर्चही भरून द्यायचा," मकरंदने समजावलं. "माग मनीषा, काय मागायचं ते. असा दिवस परत यायचा नाही."

मनीषाने विचार केला. मागण्यासारखं खूप होतं. पण मन इतकं भरलं होतं की त्यात मागण्याला फारशी जागा नव्हती.

"पहिल्या दिवशी मृणूला कॉलेजात सोडायला तुम्ही यायचं, आप्पा," ती म्हणाली. "चालत. आणि कुणी काही विचारलं तर मुलकीवर भाषण द्यायचं नाही."

"फार जबर खर्च लावलास," आप्पा म्हणाले.

कॉलेज सुरू व्हायच्या दिवशी तिघं शिवम रोडने चालत निघाली. इस्त्रीवाल्याने हात केला. विद्यापीठाच्या आवारात झाडं दाट होती, आणि आप्पा दर वळणावर थांबून काहीतरी दाखवत होते: इथे आम्ही सायकली लावायचो, इथे वडिलांचं हॉस्टेल. मृण्मयी पुढे पळत होती आणि परत मागे येत होती.

कॉलेजच्या दारात नव्या मुलांच्या दोन रांगा होत्या. मूळ दाखले जमा करायचे होते. खुर्चीवर बसलेला वॉचमन हाताने दिशा दाखवत होता. "लोकल इधर, नॉन-लोकल उधर. किधर से आए, साब? बंबई? पूना?"

आप्पांनी छाती भरून श्वास घेतला. मनीषा खाकरली. आप्पांनी तो श्वास तसाच सोडून दिला आणि नातीकडे बघितलं.

"नॉन-लोकल," मृण्मयी म्हणाली. "अंबरपेठ से आए. चल के."

वॉचमनने तिच्याकडे पाहिलं, मग तिघांच्या धुळीने भरलेल्या चपलांकडे. "मैं निजामाबाद का, मैं लोकल. तुम बाजू की गल्ली के, तुम नॉन-लोकल. क्या कते इसकू!" याला म्हणायचं तरी काय, म्हणून त्याने कपाळाला हात लावला.

मृण्मयी हसतच त्या दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहिली. रांगेत कुठून कुठून आलेली मुलं होती, हातात फायली, चेहरे आनंदाने उजळलेले. मनीषा बाजूला झाडाखाली थांबली. आप्पाही तिच्याबरोबर थांबतील असं तिला वाटलं होतं. पण ते सरळ चालत गेले, नातीच्या मागे उभे राहिले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"साब, ये लाइन नॉन-लोकल की है," वॉचमन ओरडला. "तुम भी?"

"हौ," आप्पा म्हणाले. "पाँच पुश्तों से."